धरणावरचे लाल बाटले

किस्से आम्ही कधी गोळा केले नाहीत. ते आपोआप साठत गेले, वर्कशॉपच्या कोपऱ्यात जुने बाटले साठायचे तसे. एक उचलायला जावं तर मागून दोन गडगडत यायचे!

नव्वदच्या दशकात मी नाशिकच्या सातपूरला दत्तूभाऊंच्या वर्कशॉपमध्ये लागलो. आग विझवायचे लाल बाटले तपासायचे, भरायचे आणि फारच म्हातारे झाले की मोडीत काढायचे, हे आमचं काम. कारखान्यांचे बाटले कुणीही भरेल हो, खरी मजा होती ती धरणावरच्या बोटींची. "नाशिकला कसल्या बोटी?" असं मुंबईचे पाहुणे हसून विचारायचे. अहो, धरण आहे, रविवारी फिरायला येणारी माणसं आहेत, मग डिझेलची बोट असणार. आणि डिझेल आलं की बाटला आलाच!

*

पहिली ओळख किसननानांच्या बोटीची. नाना दरवर्षी बोटीला स्वतःच्या हातानं निळा ऑइलपेंट मारायचे. हात फिरतोय तोवर बाटल्यालाही मारायचे. नळीचं तोंड बुजलेलं, प्रेशरचा काटा गायब, सगळं कसं मॅचिंग.

दत्तूभाऊ म्हणाले, "नाना, काटा कुठंय?"

"हाय की रंगाखाली."

"मग प्रेशर दिसणार कसं?"

नाना शांतपणे म्हणाले, "भाऊ, बोटीत पाणी शिरतं ते तरी कुठं दिसतं? पायाला लागलं की कळतं."

*

दुसऱ्या एका बोटीवर आम्ही गॅसचा बाटला दिला होता. हा सोडला की बर्फासारखा गार वारा सुटतो. आठवड्यात बोटीचा ड्रायव्हर राजू तो रिकामा घेऊन हजर!

"आग लागली होती का रे?" दत्तूभाऊ घाबरलेच.

"नाय भाऊ. सिन्नरच्या कंपनीची पिकनिक होती. बर्फ आणायचा राहिला. थंड्याच्या बाटल्या गार करायच्या होत्या."

दत्तूभाऊंनी त्याला अर्धा तास झापलं. बोटीवर खरंच आग लागली असती तर काय केलं असतंस, माणसं पाण्यात टाकली असतीस का, सगळं झालं. राजू मान खाली घालून ऐकत होता. मग भाऊंना राहवेना.

"झाल्या का पण गार?"

"दातं दुखली भाऊ."

*

मोडीत काढलेल्या बाटल्याला दत्तूभाऊ ड्रिलनं भोक पाडायचे. पत्रा आतून गंजलेला असतो, कुणी त्यात पुन्हा हवा भरली तर फुटून जीव जायचा. एकदा दिंडोरीचे एक द्राक्षवाले जुना बाटला मागायला आले. बागेच्या फवारणीसाठी त्यांना पंप बनवायचा होता.

"देतो की," म्हणत भाऊंनी त्यांच्यासमोरच घर्रर्र करून भोक पाडलं.

"अहो, आता याचा काय उपयोग?"

"म्हणून तर देतोय."

बागायतदार रागावले, पण बाटला घेऊन गेले. पुढे त्यांच्या बागेत गेलो तर दारात बाटला उभा! वरचं तोंड कापून त्यात तुळस लावलेली, आणि भाऊंच्या भोकातून जास्तीचं पाणी टपटप गळत होतं. मला म्हणाले, "तुमच्या मालकांना सांगा, भोक बरोब्बर जागी पाडलं."

*

दोन हजार सालानंतरची गोष्ट. सकाळी धरणावरून फोन, पाण्यात बॉम्ब तरंगतोय! आम्ही स्कूटर काढली. काठावर ही गर्दी, पोलिसांनी दोर बांधलेला, आणि पाण्यात एक लांबट निळी वस्तू डुलत होती. निळा रंग बघूनच आम्हाला कळलं. दत्तूभाऊ दोराखालून वाकून आत शिरले.

हवालदार ओरडले, "थांबा! आत काय आहे माहितीय का?"

"काहीच नाही. म्हणून तर तरंगतोय."

गर्दीतून किसननाना पुढे आले. जुना बाटला बदलायचा म्हणून त्यांनी पहाटे नारळ वाहून त्याचं विसर्जन केलं होतं. "एवढी वर्षं बोटीवर साथ दिली त्यानं," ते दत्तूभाऊंना म्हणाले. "भंगारवाल्याच्या गाडीत कसा टाकू?"

मला हसू आलं होतं, ते तिथेच विरलं.

*

या प्रकारानंतर तपासणी कडक झाली. बोटींना परवाना देणारे साहेब स्वतः येणार, त्यांच्यासमोर बाटला चालवून दाखवायचा, नाही जमलं तर बोट काठाला बांधून ठेवायची. नानांचं घर त्या एकाच बोटीवर चालायचं. आम्ही नवाकोरा बाटला दिला, दांडा दाबण्याआधी पिन कशी ओढायची ते शिकवलं, नाना पाठ म्हणून दाखवू लागले.

मध्ये दसरा झाला. नानांच्या बायकोनं, येसूकाकूंनी, इंजिनाची पूजा केली तशी बाटल्याचीही केली, आणि पिन आणि दांडा एकत्र धरून लाल नाड्याच्या गच्च गाठी मारल्या. याला कधी काम पडू नये, म्हणून.

तपासणीच्या दिवशी साहेबांनी काठावर घमेल्यात थोडं डिझेल ओतून पेटवलं. "हं, विझवा."

नानांनी पिन ओढली. हलेना! गाठ सुटेना. नखं झाली, दात झाले. आम्ही चाकू शोधतोय, साहेब घड्याळ बघतायत, आणि घमेल्यातलं डिझेल जळून जळून संपलं. आग आपोआप विझली.

तेवढ्यात येसूकाकू पुढे आल्या.

"बघा साहेब. पिन ओढायचं कामच पडलं नाय."

साहेबांनी पुन्हा डिझेल ओतलं. दत्तूभाऊंनी चाकूनं नाडा कापला. काडी लागली, नानांनी पिन ओढली, पांढऱ्या पावडरीचा ढग उठला आणि आग क्षणात गपगार! साहेबांनी सही केली. नाना तिथेच वाळूत बसले आणि त्यांनी डोळे पुसले.

"काकू, नाडा बांधायचाच असेल तर खाली, गळ्यात बांधा. पिन मोकळी ठेवा," दत्तूभाऊंनी हात जोडले. काकूंनी लगेच नवा नाडा काढून गळ्यात बांधला.

साहेब जीपकडे गेले. बसले नाहीत. सीटखालून जीपचा छोटा बाटला काढला, परत आले आणि येसूकाकूंपुढे धरला.

"याला पण बांधा," ते हळूच म्हणाले. "गळ्यातच."