काचेवरचा ओला ठसा

मुलांनो, तुम्ही परदेशी गेल्यापासून टिपू रोज बैठकीच्या काचेच्या दाराला नाक लावून रस्त्याकडे पाहत बसायचा, आणि मी रोज तो चिकट ठसा पुसायची.

"एक वेळ शेंबडं पोर परवडलं, पण हा कुत्रा नको!" मी म्हणायची.

तुमचे आजोबा हसायचे. "अगं, त्या ओलाव्यातच त्याला वास लागतात. नाक ओलं आहे तोवर काळजी नाही."

एका सकाळी काच स्वच्छ दिसली. टिपू मात्र तिथेच होता, काचेला नाक लावून. नाक कोरडं पडलं होतं, भेगाळलं होतं. मी पुढे केलेला हात त्याने पुन्हा पुन्हा हुंगला आणि अनोळखी माणसाकडे पाहावं तसं माझ्याकडे पाहिलं. त्याच आठवड्यात तो गेला.

आपल्याही नाकात, घशात, पोटात असाच एक बुळबुळीत पडदा असतो. धूळ आणि रोग तो निमूटपणे अडवतो. आपण त्याला घाण म्हणतो, आणि तो मात्र आत जागा राहून राखण करतो. तो सुकला की घर उघडं पडतं.

काल सकाळी काचेवर पुन्हा ओला ठसा होता. मी घाबरून आजोबांना हाक मारली. ते ठसा पाहायला वाकले नाहीत.

"टिपू एवढा उंच कुठे होता?" ते हळूच म्हणाले. "हे तुझं नाक आहे."

मी तिथे कधी उभी राहिले, मला आठवेना. फडकं हातातच होतं, पण ठसा पुसवला नाही.