एका शब्दात अर्थ लिहा

दौंडच्या रेल्वे वसाहतीत अयुबभाई सिग्नलच्या दिव्यांत रॉकेल घालायचे. त्यांची थोरली मुलगी नूरबी सातवी पास झाली आणि काही दिवसांतच एका म्हाताऱ्या मेमसाहेबांकडे कामाला लागली. मेमसाहेब म्हणजे एका अँग्लो-इंडियन इंजिन ड्रायव्हरची विधवा. डावं अंग लुळं पडलेलं, जीभ मात्र धडधाकट. चहा गार आहे, उशी उंच आहे, पडदा ओढ, सगळं इंग्रजीत. पहिले सहा महिने नूरबी डोळे पुसतच घरी यायची.

बाईंच्या उशाशी घरगुती शुश्रूषेचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक असे. त्यांना चष्म्यानंही दिसेनासं झालं, तेव्हा त्यांनी नूरबीला ए-बी-सी शिकवून वाचायला बसवलं. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून कूस कशी बदलावी, हे वाचून झालं की लगेच बाईंची कूस बदलायची. नाडी हा शब्द आला की मनगट धरून घड्याळाकडे बघायचं. रक्तस्रावाच्या धड्यावेळी तर बाईंनी तिला पलंगाच्या पायथ्याखाली विटा रचायला लावल्या आणि स्वतः उताराला डोकं करून हसत पडून राहिल्या. वाचलेला शब्द हातानं करून दाखवायचा, अशी चार वर्षं नूरबीची इंग्रजी शाळा चालली.

अठ्ठावन्न साली पुण्यात नर्सांच्या शिक्षणासाठी प्रवेश परीक्षा निघाली. वयाची अट बावीस, आणि नूरबीला दिवाळीनंतर तेविसावं लागणार होतं. म्हणजे ही एकच संधी. अर्ज बाईंनीच भरायला लावला.

शेजारच्या सगुणाबाईंना कळायचा अवकाश, त्या दारात येऊन उभ्या. "नूरे, आता तू मडमीन व्हनार. मग आमाला वळखशील का न्हाई गं?"

"मावशी, तुमचं पयलं इंजेक्शन मीच देनार. जाडी सुई बाजूला काढून ठिवलीया."

"आगं बया! नगं गं बाई तुझी वळख!"

अयुबभाई हसले नाहीत. त्यांनी कंदिलाच्या काजळीनं काळे झालेले हात दोनदा साबणानं धुतले आणि मगच तिच्या अर्जावर सही केली.

परीक्षेत इंग्रजीचा पेपर होता. वीस शब्द दिलेले, प्रत्येकासमोर त्याच अर्थाचा दुसरा शब्द लिहायचा. सात-आठ शब्द तिनं कधी ऐकलेलेच नव्हते. श्रीमंतीचे, स्वभावाचे, दरबारी थाटाचे. ते तिनं सोडून दिले. बाकीचे मात्र ओळखीची माणसं भेटावीत तसे भेटले. फिकट, असा अर्थ असलेल्या शब्दासमोर तिनं लिहिलं, पापणी खाली ओढून आतला रंग पाहावा, नखं पाहावीत. हॅमरेज, म्हणजे रक्तस्राव, या शब्दासमोर लिहिलं, पलंगाचा पायथा विटांवर उचलावा, बाळंतीण असेल तर पोट वरून चोळून घट्ट धरावं, रोग्याला सोडून जाऊ नये. जागा अपुरी पडली म्हणून तिनं समासात लिहिलं. इंग्रजी मोडकं होतं, पण अक्षर स्वच्छ होतं. पेपर देऊन ती बाहेर आली ती अगदी हलकी होऊन.

यादीत तिचं नाव नव्हतं. अयुबभाईंनी रजा काढली आणि तिला घेऊन पुन्हा पुणं गाठलं. तिथल्या मुख्य बाई बऱ्या होत्या. त्यांनी पेपर शोधून समोर ठेवला. वीसपैकी तीन गुण.

"अर्थ एका शब्दात विचारला होता," त्या म्हणाल्या. "तुम्ही उपचार लिहिलेत."

"पन बाई, चुकीचं हाय का ते?" नूरबीनं विचारलं.

मुख्य बाईंनी समास पुन्हा वाचला. "चुकीचं नाही. पण डॉक्टर इंग्रजीत लिहितात, बाटल्यांवर इंग्रजी असतं. शब्द येतात की नाही, ते कुठं तरी तपासावंच लागतं. उत्तराला एकच शब्द ठरलेला असतो. चारशे पेपर होते, मुली."

दौंड आल्यावर अयुबभाई एवढंच म्हणाले, "तुला यवढं लिवता येतं, हे मला ठावं नव्हतं."

त्या हिवाळ्यात मेमसाहेब गेल्या. नूरबी शिरूरला मावशीकडे, अमीरबीकडे राहायला आली आणि तिथल्या दवाखान्यात आया म्हणून लागली. लादी पुसायची, भांडी उकळायची, चादरी धुवायच्या. रोग्याला हात लावायचा नाही, हे पहिल्याच दिवशी बजावलेलं. तिनं ते सात वर्षं पाळलं.

पासष्टच्या उन्हाळ्यात निमोण्याहून बैलगाडीतून एक बाळंतीण आणली. साखरबाई तिचं नाव. मूल वाटेतच झालेलं, तांबडंलाल, रडणारं. गाडीतलं गवत मात्र भिजून गेलं होतं. डॉक्टर बाहेरगावी होते, त्यांना आणायला माणूस धावला. नर्स नवी होती. शिकून आलेली, मेहनती पोर. तिनं नाडी धरली, सुई भरायला घेतली, पण नजर सारखी दाराकडे जात होती.

नूरबी मागच्या अंगणातून दोन विटा घेऊन आली आणि खाटेपाशी उभी राहिली. "ताई, पायथा उचलू का? पोट चोळून धरू?"

"थांबा हो नूरबी! हात नका लावू. डॉक्टर येतीलच इतक्यात."

नूरबी थांबली. विटा हातात घेऊन थांबली. डॉक्टर येईपर्यंत साखरबाईची नखं पांढरी पडली होती. आल्या आल्या त्यांनी पहिला शब्द काढला तो पायथा उचलायचा. पण तोवर फार उशीर झाला होता.

साखरबाईचा देह आणि रडणारं मूल घेऊन बैलगाडी परत गेली. नर्स पायरीवर बसून रडत होती. नूरबीनं तिला पाणी दिलं.

"तुम्हाला कसं ठाऊक होतं?" नर्सनं विचारलं.

"वाचलं हुतं. परीक्षेच्या पेपरात लिवलं बी हुतं."

"मग?"

"मार्क न्हाई पडलं," नूरबी म्हणाली, आणि चादर भिजत घालायला आत गेली.

त्या विटा तिनं पुन्हा अंगणात नेल्या नाहीत. खाटेखाली, पायथ्याच्या बाजूला ठेवून दिल्या. लादी पुसताना ती रोज त्या उचलायची, खालची जागा पुसायची आणि परत होत्या तिथं ठेवायची.