बीरगावच्या गाणाऱ्या घरातली रात्र

मंडळी, डोळ्यांत झोप आहे, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

बीरगावात आम्हाला एक घर भाड्याने घ्यायचंय. पाऱ्यात, म्हणजे तिथल्या मोहल्ल्यात, सगळे म्हणतात, तिथं रात्री भूत गुणगुणतं. म्हणून काल मी आणि ताई तिथंच झोपलो.

पहाटे खरंच गुणगुणणं ऐकू आलं. इतकं गोड, की मी स्वप्नात असल्यासारखी उठले.

"काहून जाऊन राहिली?" ताई घाबरून कुजबुजली.

मी मागचं दार उघडलं. पायरीवर शेजारच्या काकू गुणगुणत बसल्या होत्या, रात्रपाळीहून आलेल्या.

"माझी मैत्रीण राहे इथं. ती वारली, पण ड्यूटीवरून आल्यावर मले तिच्यापाशी बसल्याबिगर झोप येत नाही."

उजाडेपर्यंत आम्ही त्यांच्याजवळ बसून ऐकत राहिलो.

घर घेतोय. पायरी काकूंचीच राहील. तुम्ही घेतलं असतं?