घासूनपुसून परत केलेला पेनड्राइव्ह

बेलार्मिनो भाऊजींविषयी लिहायचं म्हणून वही उघडली, पण अर्धं पान माझ्याच मूर्खपणावर जाणार असं दिसतंय. इलाज नाही. देवापुढे कबुली देऊन झाली, वहीपुढे कसली लाज?

भाऊजी म्हणजे आमच्या ह्यांचे मित्र. समोरच्या ओसरीत न्हाव्याच्या जुन्या खुर्चीत बसून भाताचे कुकर, पंखे आणि आता संगणकही दुरुस्त करतात. यंत्रांशी अहो-जाहो, माणसांशी अरे-तुरे. पंख्याला विचारतील, "काय होतंय तुम्हाला?" आणि पंखा घेऊन आलेल्याला, "बस तिकडे." तीस वर्षांत चर्चची पायरी चढलेले नाहीत. त्यांची आई, कासिमिरा, वारली तेव्हा मी म्हटलं, मृतांच्या यादीत नाव घालते. तर म्हणाले, "माझ्या आईला तुमच्या भोंग्यावर चढवू नकोस."

ही यादी दोन नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, मिस्सेच्या प्रार्थनेत भोंग्यावरून वाचतात. चारशे बारा नावं. मूळ वही वाळवीनं खाल्ली, त्याआधी मी ती चर्चच्या संगणकावर उतरवून ठेवली होती. संगणक माझ्याकडे, कारण आमचं छप्पर गळत नाही. दुसरी प्रत कुठेच नव्हती. एवढं लिहिलं की पुढचं सगळं कळायला हरकत नाही.

झालं असं की बायकांसाठीच्या संगणक वर्गात मी तीन आठवडे जाऊन आले आणि मला वाटायला लागलं, आता आपल्याला सगळं येतं. जुनी विंडोज रांगत होती, म्हणून तिच्या शेजारी लिनक्स ही दुसरी प्रणाली बसवायचं ठरवलं. वर्गातून सीडी आणली. डिस्कवर जागा नव्हती, म्हणून शेजारच्या फिदेलिनाकडून मोठा पेनड्राइव्ह मागून आणला आणि सगळं त्यावर बसवलं. संगणक सुरू केला तर पडद्यावर दोन नावं, कोणतं हवं ते निवडा! मी खुर्चीतच क्रूस केला. ह्यांना हाक मारून दाखवलं, फिदेलिनाला खिडकीतून सांगितलं.

मग जुनी विंडोज उघडली आणि पेनड्राइव्ह परत द्यायला घेतला. मागून आणलेलं भांडं आमच्या गल्लीत खरकटं परत जात नाही आणि रिकामंही जात नाही. मला वाटलं, ज्यातून सामान आणलं ते हे भांडं. पडद्यावर दोन्ही नावं दिसली, म्हणजे सामान आता संगणकात पोचलं. म्हणून तो साफ पुसला आणि वर कारिदादच्या मारिया मातेचं एक चित्र घालून, पेरूच्या वडीसकट फिदेलिनाला दिला.

शुक्रवारी सकाळी वीज आली तेव्हा संगणकावर काळा पडदा आणि इंग्रजीत एक ओळ: असं उपकरण सापडत नाही. रविवारी दोन नोव्हेंबर, यादीची मिस्सा. मी पवित्र पाणी शिंपडणारच होते, ह्यांनी हात धरला. मग अडल्यानडल्यांचा कैवारी संत यूदा, त्याचं चित्र संगणकाच्या पेटीच्या जाळीवर चिकटवलं आणि मी गेले समोर, भाऊजींकडे.

भाऊजी आले. पहिल्यांदा संत यूदाला सोलून माझ्या हातात दिलं.

"वहिनी, ह्यांच्या नाकावर कागद चिकटवलास. श्वास कुठून घ्यायचा?"

"यादी गेली का हो?"

"आधी सांग, काय काय केलंस. खरं सांग, मी फादर नाही."

मी सांगत गेले. पेरूच्या वडीपाशी त्यांनी हात वर केला.

"थांब. पुसलास? नवीन घर त्या पेनड्राइव्हवर बांधलं होतंस. इकडच्या दारावर नवा दरवान बसला, तो त्याच घराकडे बोट दाखवतो. आणि तू घर धुऊन फिदेलिनाला देऊन टाकलंस!"

"वडी तरी चांगली होती," हे म्हणाले. नवरे असेच.

वीज चार तासच असते. भाऊजींनी स्वतःची सीडी घातली, "माफ करा हं" असं संगणकाला म्हणत काहीबाही टंकलं आणि जुना दरवान जागेवर बसवला. मी जपमाळेचा तिसरा टप्पा चुकून दोनदा म्हटला. एकदम विंडोज रांगत आली. इतकी सुंदर ती मला कधीच दिसली नव्हती.

यादी जागेवर होती. नीट आहे का बघायला भाऊजी खाली खाली जात राहिले आणि तीनशे सातव्या नावाला थांबले. कासिमिरा.

"हे कुणी घातलं?"

"मी."

"मला विचारलंस?"

"तुम्ही नाही म्हणाला होतात. परत विचारून काय करायचं?"

त्यांनी कर्सर त्या नावापाशी नेला. मला वाटलं, आता पुसणार. "कॉफी निवली," म्हणाले, "दुसरी कर." मी आणली तोवर त्यांनी तीन सीडींवर यादीच्या प्रती केल्या होत्या. एक मला, एक चर्चला, एक त्यांच्या खिशात.

"तुम्हाला कशाला?"

"तू परत काहीतरी धुशील म्हणून."

छापायचं यंत्र नाही, म्हणून त्या दिवशी वीज जाईपर्यंत आणि शनिवारी ती परत आल्यावर मी सगळी नावं पडद्यावरून हातानं उतरवली. दोनशेनंतर बोटं माझी राहिली नाहीत. माझ्या गर्वाला ही शिक्षा फार नव्हे.

रविवारी फादरनी त्याच कागदांवरून वाचलं. तीनशेच्या पुढे गेल्यावर मी मान वळवली. भाऊजी दाराशी उभे, हातात पेचकस.

नंतर म्हणाले, "भोंगा घरघरतोय असं कुणी बोललं. बघायला आलो होतो."

त्या सकाळी वीज नव्हती. फादर नुसत्या गळ्यानं वाचत होते. पण मी काही बोलले नाही. तेवढं शहाणपण त्या काळ्या पडद्यानं मला शिकवलंय.