दुसरा ऑडिओ

आमच्या यांना गल्लीत सगळे कॅसेटवाले म्हणतात. लोकांच्या जुन्या कॅसेटी कॉम्प्युटरवर घ्यायच्या आणि फोनवर चालतील अशा फाइली करून द्यायच्या, हा यांचा धंदा. पडद्यावर काळी चौकट उघडतात, तीत हुकूम टाइप करतात, की इंग्रजी ओळी धावायला लागतात. हे शेवटची ओळ तेवढी बघतात. ती लाल नसली की काम झालं! पूर्वी सगळ्या वाचायचे. आता डोळे चुरचुरतात, मान अवघडते, आणि तेच ते वाचून माणूस विटतोच. घरी माझं बोलणंही असंच ऐकतात, शेवटचं वाक्य तेवढं.

थोरले दीर गेल्यावर जाऊबाईंनी त्यांनी काढलेल्या व्हिडिओची एक कॅसेट आणून दिली. दीर कायम कॅमेऱ्यामागे, त्यामुळे घरच्या एकाही व्हिडिओत ते दिसत नाहीत.

"दिसले नाहीत तरी चालेल, भाऊजी," जाऊबाई म्हणाल्या, "आवाज तेवढा काढून द्या. हल्ली आठवतच नाही मला."

चित्र उतरलं, आवाज नाही. यांनी पुन्हा करून पाहिलं, पुन्हा मुकं. दिरांनी हौसेनं कॅमेऱ्याला वेगळा माइक घेतला होता आणि तो चालू करायला हमखास विसरायचे. त्या दिवशीही विसरले असणार.

जाऊबाई कॅसेट परत न्यायला आल्या. तोंडावर नाही म्हणवेना, म्हणून यांनी उगाच आणखी एकदा हुकूम दिला. ओळी धावल्या.

"एवढं काय लिहितंय ते?" जाऊबाईंनी विचारलं.

हे थकल्या आवाजात वाचून दाखवू लागले. "ही फाइल कुठली ते. ही तिची लांबी. हे चित्र. हा ऑडिओ. हा..." आणि थांबले. "हा आणखी एक ऑडिओ."

"म्हणजे?"

"वेगळ्या माइकचा आवाज एकीकडे राहतो, कॅमेऱ्याच्या स्वतःच्या माइकचा दुसरीकडे. आपण सांगितलं नाही, तर हे एकच उचलतं. कुठला उचलला तेही खाली लिहिलंय." त्यांनी चष्मा काढला. "दर वेळी लिहीत होतं, वहिनी. मीच वाचलं नाही."

एरवी 'काखेत कळसा' म्हणून मी टोचल्याशिवाय राहिले नसते. पण यांचा चेहरा बघवेना. यांचाही भाऊच गेला होता.

यांनी हुकूम बदलून दुसरा ऑडिओ मागितला. या वेळी एकेक ओळ वाचली. मग फाइल लावली. पडद्यावर तरुण जाऊबाई खिडकीपाशी उभ्या. आधी नुसती खरखर, कुणाचं तरी खोकणं, आणि मग अगदी जवळून, कानाशी बोलावं तसे दीर म्हणाले, "अगं, जरा सरक ना. उजेड अडवतेयस."

जाऊबाईंनी बसल्या जागी खुर्ची बाजूला ओढली.