इंग्लंडचे निकाल आणि आमचे व्याही

कोरेगाव तालुक्यात इंग्लंडच्या न्यायालयांचे निकाल पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारा एकच माणूस आहे आणि दुर्दैवाने तो माझा व्याही आहे. मी कोरेगावच्या कोर्टात तीस वर्षं वकिली करतोय. हे फौजेतून सुभेदार होऊन आलेले, रहिमतपूरला ऊस आणि थोडं आलं करणारे. कायद्याशी यांचा संबंध यायचं काही कारण नव्हतं. पण माझी मुलगी, म्हणजे यांची सून, नवऱ्याच्या नोकरीपायी इंग्लंडला गेली, तिथं कायदा शिकू लागली, आणि तेव्हापासून या गृहस्थांनी मला नको नको करून सोडलं. दुसरा कोणी असता तर केव्हाच बाहेर काढला असता. मुलीच्या सासऱ्याला बाहेर काढायची तरतूद कुठल्याच कायद्यात नाही.

आठवड्यातून एकदा एसटीनं यायचे, माझ्या ऑफिसात अशिलांच्या बाकावर बसायचे आणि मोबाइल हातभर लांब धरून वाचायला लागायचे. खटल्याच्या नावापुढं साल चौकोनी कंसात आहे की गोल, यावर त्यांनी एकदा माझा अर्धा तास खाल्ला. "आवं, चौकोनी असंल तर सालाबिगर निकालांच्या पुस्तकाचा खंड घावत न्हाई. गोल असंल तर खंडाच्या नंबरावर भागतं. तुमी वकील ना?" दिवाणी खटल्यात 'विरुद्ध' म्हणू द्यायचे नाहीत. तिकडं म्हणे खटल्याच्या नावात लिहितात 'विरुद्ध', पण तोंडानं 'आणि' म्हणतात. बांधावरून डोकी फोडून आलेल्या दोन चुलतभावांचा खटला त्यांनी माझ्यासमोर 'जाधव आणि जाधव' असा पुकारला, तेव्हा त्या दोघांनाही लग्नपत्रिका छापल्यासारखं वाटलं असेल. पाच न्यायाधीशांचा निकाल असला की कोण कुणाशी सहमत, कोणत्या मुद्द्यावर, हे हजेरी घेतल्यासारखं मोजायचे. न्यायाधीश कशामुळं त्या निकालावर आले आणि बोलता बोलता जादा काय बोलून गेले, हे दोन रंगांच्या पेनांनी वहीत वेगळं काढायचे. आणि माझ्याच अशिलाला सांगायचे, "वकीलसाहेब निस्ता वरचा सारांश वाचत्यात. त्यो निकाल नसतोय गड्या, छापणाऱ्यानं लिवल्याला असतोय."

एका बाईच्या शेताची वाट शेजाऱ्यानं अडवली होती. त्या दाव्यात मी एक जुना निकाल जोडणार होतो. "फुडं वरच्या कोर्टानं उलटवलाय का बगितलं?" त्यांनी विचारलं. मी चिडून म्हणालो, "सुभेदार, मला माझं काम करू द्या." ते गेल्यावर गुपचूप पाहिलं. उलटवला होता. दुसरा निकाल शोधला, बाईला वाट मिळाली. हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

हा नाद लागला कसा, ते मला पुढं विहीणबाईंकडून कळलं. पहिल्या वर्षी मुलगी एका विषयात नापास झाली. त्याआधी तिनं मला फोनवर विचारलं होतं, "बाबा, चाळीस चाळीस पानांचे निकाल वाचायचे कसे?" मी घाईत होतो. "सारांश वाच, बाकीचं सोड," म्हणून मोकळा झालो. तिनं तसंच केलं. नापास झाल्यावर तिनं सासरी फोन करून रडत सांगितलं की मी शिक्षण सोडते. सुभेदार, म्हणजे तिचे आबा, म्हणाले, "सोड की. पण सोडायच्या आदी ह्यो एक खटला मला समजावून सांग. मला त्यातलं कायबी कळत न्हाई." तिनं सांगितला. त्यांना कळला नाही. तिनं पुन्हा सांगितला. मग दर रविवारी एक खटला, वर्षभर. शब्दकोश घेऊन ते आधी वाचून ठेवायचे आणि तिला अडवायचे. त्यांना समजावता समजावता तिला येऊ लागलं. वडील वकील असून तिला शंका विचारायला सुभेदार लागले, हे ऐकून मी त्या दिवशी विहीणबाईंचा चहा अर्धाच प्यालो.

परवा दुपारी अचानक आले. हातात मोबाइल नाही, वही नाही. बाकावर टेकले तोच माझा फोन वाजला, तसे उठून बाहेर गेले. मुलगी ओरडत होती, "बाबा, पास झाले! सगळ्या विषयांत!" मग ती म्हणाली, "आबांना सकाळीच सांगितलं. ते म्हणाले, मी कोरेगावला पोचतो, मग बाबांना फोन कर. अशी बातमी त्यांनी एकट्यानं ऐकायला नको."

मी बाहेर आलो. पायरीवर पाठमोरे उभे होते.

"व्याही, पोरगी पास झाली."

"काय सांगताय!" ते केवढ्यानं तरी ओरडले. "मला कायच म्हाईत न्हाई बगा!" आणि टोपी काढून डोळे पुसायला लागले.

कोर्टात खोट्या साक्षी मी पुष्कळ ऐकल्या आहेत, पण इतकी कच्ची एकही नाही. मी उलटतपासणी घेतली नाही.