शालीसोबत मिळालेलं औषध

माझं शरीर पित्तातलं एक आम्ल बनवत नाही. त्यामुळे एक प्रकारची चरबी डोळ्यांत, टाचांत आणि मेंदूत साठत जाते. शाळेत असतानाच मोतीबिंदू झाला, विशीत टाचांवर गाठी आल्या, मग चाल बिघडली. सेवाग्रामच्या डॉक्टरांनी आजार ओळखला तेव्हा सन दोन हजार उलटून गेलं होतं. उपाय एकच: तेच आम्ल कॅप्सूलमधून दिवसातून तीनदा, जन्मभर घ्यायचं आणि दर तीन महिन्यांनी लिव्हर तपासून घ्यायचं. औषध परदेशातून यायचं.

एकदा ते येईना. आमचं वर्ध्यात किराणा दुकान, काका चालवतात. काकांचा नियम होता, गिऱ्हाईक रिकाम्या हाताने जाऊ द्यायचं नाही. एक माल नसला तर दुसरा द्यायचा. त्यांनी व्यापारी मंडळात शब्द टाकला. मंडळाने वार्षिक समारंभात मला शाल, नारळ आणि औषधाचे डबे दिले. अध्यक्ष माझ्या आजारावर अर्धा तास बोलले. आजाराचं नाव मात्र त्यांना शेवटपर्यंत घेता आलं नाही. डब्यावरचं नाव मी मंचावरच वाचलं. पित्ताचंच आम्ल होतं, पण दुसरं. माझ्या कामाचं नव्हतं. फोटोवाला म्हणाला, "हसा." मी हसलो.

घरी सांगितलं, तर काका उखडले. "पित्ताचंच आहे ना? मंग काऊन नखरे करून राह्यला? साऱ्या गावासमोर घेतलं तू!"

ते खरंच होतं. काकू दिवसातून तीन वेळा पाण्याचा गिलास घेऊन समोर उभी राहायची आणि मी मंडळाचंच औषध गिळायचो. दुकानात येणारा प्रत्येक जण विचारायचा, "आता कसं वाटते?" मी म्हणायचो, बरं. तिसऱ्या महिन्यात दुकानाची पायरी उतरताना पडलो.

सेवाग्रामला डॉक्टरांनी डबा फिरवून पाहिला. "हे त्याच्या जागी चालत नाही."

"एकाच घराण्यातलं आहे म्हणते, साहेब," काका अडून बसले.

मंचावर न फुटलेला आवाज तिथे फुटला. "काका, कोणी तुरीची डाळ मागतली तं तुमी लाखोळी देता का?"

"छट्! लाखोळीनं पाय जातेत लोकायचे."

"दोन्ही डाळीच आहेत ना?"

काका माझ्या पायांकडे बघत राहिले. तुरीत लाखोळी कधी मिसळली नाही, हा त्यांचा एकच अभिमान. तो त्यांनी कुठल्या भाषणात सांगितला नव्हता.

खरं औषध यायला आणखी पाच आठवडे लागले. गेलेली चाल पूर्ण परतली नाही. ती पायरी मी अजून भिंत धरून उतरतो. नवा डबा आता काका ताब्यात घेतात, चष्मा लावून नाव अक्षर अक्षर वाचतात आणि गल्ल्यामागे ठेवतात. लिव्हरच्या तपासणीचा कागद दाखवल्याशिवाय मला तो मिळत नाही. तोवर या दुकानातून एक गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परत जातं.